किंमत आणि मालकी: कर्ट फ्लडचे पत्र
बेसबॉलपटूने कोट्यवधी डॉलरांचा करार केला की चाहत्यांचा वाद ठरलेला: एवढी त्याची लायकी आहे काय? आम्हांला अशा वेळी कर्ट फ्लड आठवतो. १९६९ साली सेंट लुईस कार्डिनल्सने त्याला न विचारताच फिलाडेल्फियाला देऊन टाकले. करारातील राखीव कलमाने खेळाडू संघाशी कायमचा बांधलेला असे. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असे या कृष्णवर्णीय खेळाडूने आयुक्त बोवी कून यांना लिहिले. वर्षाला ९०,००० डॉलर घेणारा गुलाम कसला, असे तेव्हा विचारले गेले. जणू किंमत चांगली आली की विक्री ही विक्री उरत नाही! १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५-३ असा हरला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या निकालपत्राच्या आरंभी थोर खेळाडूंची नामावळी एखाद्या स्तोत्रासारखी येते (साहित्याच्या अभ्यासकांनी ती अवश्य पाहावी). डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ व मॅकनॅली यांना बंधमुक्त ठरवले, तेव्हा फ्लडने मैदान सोडून चार वर्षे उलटली होती.