जासूद ते एन्क्रिप्शन : संदेशांच्या गोपनीयतेचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना :

वसई-विरार महानगरपालिका क्षेत्रातील वालीव हा लघुउद्योगांच्या वसाहतींचा परिसर होय. परप्रांतांतून व महाराष्ट्राच्या इतर भागांतून येथे कामगार आलेले आहेत. पगाराचा हिशेब, आधारकार्डाचे छायाचित्र, गावाकडील निरोप हे सारे आज मोबाइलवरील संदेश-ॲपमधून जाते. महाविद्यालयेही यास अपवाद नाहीत. विद्यार्थ्यांचे दाखले व गुणपत्रके विभागांच्या गटांतून फिरतात. त्यामुळे कोणते ॲप निवडावे हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. निरोप नेणाऱ्यावर किती विश्वास ठेवावा, हा त्यामागील मूळ प्रश्न असून त्याला दीर्घ इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा संक्षिप्त परामर्श घेतला आहे.

१. निरोप्यावरील विश्वास :

वालीव ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या फौजेने मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला. मराठ्यांचा पत्रव्यवहार मोडी लिपीत होई व जासुदांमार्फत चाले. मोडी ही शीघ्रलेखनाची लिपी होती, गुप्तलिपी नव्हे. पत्र शत्रूच्या हाती पडल्यास ते वाचणारा मिळणे अवघड नव्हते. म्हणूनच नाजूक मजकूर कागदावर न उतरवता जासुदाच्या मुखी सांगून पाठविण्याची रीत होती. गोपनीयतेची सारी भिस्त माणसावर होती.

२. शासनाच्या हाती निरोप :

ब्रिटिश राजवटीत निरोप नेणारी यंत्रणा शासनाचीच झाली. १८८५ चा तार कायदा व १८९८ चा टपाल कायदा यांनी सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षिततेच्या कारणास्तव संदेश अडविण्याचा अधिकार सरकारला दिला. स्वातंत्र्यानंतरही हे कायदे कायम राहिले. दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल खटल्यात कार्यपद्धतीची बंधने घातली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. तथापि २०२३ मध्ये संमत झालेल्या दूरसंचार व टपाल कायद्यांतही संदेश अडविण्याची तरतूद आहेच.

३. एन्क्रिप्शन आणि राईनपाडा :

एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने सर्व संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लागू केले. यात संदेशाची किल्ली पाठविणारा व घेणारा यांच्याच उपकरणांत राहते. मधल्या कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. निरोप्यावर विश्वास ठेवण्याची गरज कमी झाली.

परंतु १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध व्यक्तींना ठार केले. समाजमाध्यमांतील अफवा यास कारणीभूत ठरल्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. अफवेचा उगम शोधता यावा, अशी मागणी शासनाने केली. पुढे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांवर मूळ प्रेषक ओळखून देण्याचे बंधन घातले. व्हॉट्सॲपने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. एकाचा उगम शोधण्यासाठी सर्वांच्या संदेशांवर खूण ठेवावी लागेल, हा आक्षेप गंभीर आहे. राईनपाड्याचे पाच बळीही तितकेच गंभीर आहेत. या विषयात सोपे उत्तर नाही, ते यामुळेच.

४. निवडीचे निकष :

वरील इतिहासातून तीन निकष हाती लागतात. पहिला, किल्ली कोणाकडे आहे? साध्या एसएमएसला असे एन्क्रिप्शन नसते. टेलिग्रामच्या नेहमीच्या संभाषणांनाही ते नाही. केवळ दोन व्यक्तींमधील 'सीक्रेट चॅट'ला ते आहे. दुसरा, लिफाफ्यावर काय लिहिले आहे? व्हॉट्सॲपमध्ये मजकूर बंद असला, तरी कोण, कोणाशी, केव्हा बोलले ही माहिती कंपनीकडे जमू शकते. ना-नफा तत्त्वावर चालणारे सिग्नल अशी माहिती अत्यल्प ठेवते आणि २०२४ पासून तेथे आपला क्रमांक इतरांपासून लपविताही येतो. तिसरा, प्रत कोठे राहते? व्हॉट्सॲपच्या क्लाउड बॅकअपला एन्क्रिप्शनचा पर्याय २०२१ पासून उपलब्ध आहे. परंतु तो वापरकर्त्याने स्वतः सुरू करावा लागतो. शिवाय उपकरणच फितूर झाले तर किल्ली निरुपयोगी ठरते. २०१९ मध्ये पेगाससने जगभरातील सुमारे १,४०० उपकरणांना लक्ष्य केल्याचे उघड झाले; त्यांत भारतातील पत्रकार, वकील व कार्यकर्तेही होते.

समारोप :

इतिहासाच्या अभ्यासकापुढे येथे एक पेच उभा राहतो. वसईची मोहीम आज तपशिलाने ज्ञात आहे, ती त्या काळची पत्रे दफ्तरांत टिकली म्हणून. आपोआप पुसल्या जाणाऱ्या संदेशांतून असे दफ्तर उरणार नाही. तथापि त्या पत्रांचे वाचन दोन शतकांनंतर झाले. लिहिणाऱ्यांना त्याची झळ पोहोचण्याचा संभव नव्हता. वालीवच्या कामगाराचे आधारकार्ड वा विद्यार्थिनीचा जातीचा दाखला परक्या हाती आजच पडू शकतो. भावी इतिहासकाराची सोय ही वर्तमान माणसाच्या सुरक्षिततेहून मोठी ठरत नाही. म्हणून खाजगी निरोपासाठी किल्ली आपल्याच हाती ठेवणारे साधन निवडावे, संस्थेचे निर्णय मात्र रीतसर कार्यालयीन अभिलेखात जतन करावेत, आणि विद्यार्थ्यांची कागदपत्रे गटावर मागविण्याची प्रथा प्रथम महाविद्यालयांनीच थांबवावी.