प्रस्तावना: झाडीपट्टीची नायिका

माफियाच्या प्रेमकथेला मराठी समीक्षेनं अजून दारातच उभं ठेवलं आहे. वाचकांनी मात्र तिला केव्हाच घरात घेतलं. मोबाइलवर भागाभागानं येणारी कुठलीही अशी कादंबरी उघडा. निष्ठुर डॉन असतो, त्याच्या कर्जात अडकलेला बाप असतो आणि बापाच्या सुटकेसाठी बोहल्यावर चढलेली मुलगी असते. पोलंडच्या ब्लांका लिपिन्स्का यांच्या '३६५ दिवस' या २०१८च्या कादंबरीवर २०२० मध्ये चित्रपट निघाला आणि डॉनच्या कैदेतली नायिका जगभर पोचली. अलीकडे या साच्याला दुसरं वळण लागतं आहे. गादीवर तीच बसते, टोळी तिची, हुकूम तिचा आणि प्रेमात पडायचं की नाही हेही तीच ठरवते. या ग्रंथातले लेख त्या नायिकेचा माग काढतात, तोही झाडीपट्टी म्हणतात त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात. त्याचं ज्यांना नवल वाटेल त्यांच्यासाठी ही प्रस्तावना.

या नायिकेवरचा मुंबईचा हक्क कुणी नाकारत नाही. बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांच्या झुंजार या नायकाची बायको विजया नुसती घरी वाट बघत बसली नाही. हुसेन झैदींचं 'माफिया क्वीन्स ऑफ मुंबई' २०११ साली आलं, त्यातली गंगूबाई २०२२ मध्ये पडद्यावर आली. पण ही पुस्तकं एकट्यानं वाचायची, पांघरुणाखाली वाचली तरी कुणाला कळत नाही. झाडीपट्टीत बंदूक, सूड आणि प्रेम यांची गोष्ट अख्खं गाव एकत्र बसून बघतं. शेजारी सासू असते, पुढे सरपंच, मागे होणारे व्याही. माझ्या मते सारा फरक इथून सुरू होतो.

ही रंगभूमी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. दिवाळी झाली, धान घरात आलं की वडसा, म्हणजे देसाईगंज, इथल्या नाटक कंपन्यांची लगबग सुरू होते आणि ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. गावातलं मंडळ कंपनीकडे जाऊन नाटक ठरवतं, शामियाना ठोकतं, तिकिटं विकतं. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक ही जुनी जोडी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती थांबवल्या, पण नाटकं थांबली नाहीत. पडदा उघडायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात आणि तो पडतो तेव्हा तांबडं फुटायला आलेलं असतं. मध्ये लावणी येते, विनोदी पात्राचा धुडगूस येतो, ऑर्गनचे सूर येतात. या विनोदी पात्राला हलकं लेखू नये. त्याच परंपरेतले गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आणि पाहुणे. नाटक आहे म्हटलं की लेकी-जावई येतात, मामा-मावश्या येतात, उपवर मुलामुलींची सहज म्हणून गाठ पडते. किती सोयरिकी या हंगामात जुळतात ते इथल्या कुठल्याही आजीला विचारा. म्हणजे रंगमंचावर एक पोरगी बापानं ठरवलेल्या नवऱ्यावर पिस्तूल रोखून उभी आहे, आणि समोरच्या सतरंजीवर तिच्याच वयाच्या पोरीचं लग्न ठरण्याच्या बेतात आहे. हा योग पुस्तकातल्या डॉनच्या नशिबी नाही.

म्हणून इथली नायिका वेगळी घडते. कादंबरीतल्या माफिया-राणीची सत्ता बंद दाराआड सिद्ध होते. नायकाला ती पटली की झालं. झाडीच्या नाटकात तेवढ्यावर भागत नाही. तिला चारचौघांत उभं राहून, शेवटच्या प्रवेशात, आपण हात का उचलला ते सांगावं लागतं. नवरगावच्या सदानंद बोरकरांच्या गाजलेल्या नाटकाचं नावच 'माझं कुंकू मीच पुसलं' असं आहे; त्यातला 'मीच' गावासमोर उच्चारायचा असतो. 'एकच प्याला'तली सिंधू १९१९ पासून मराठी माणसाला रडवते आहे, आणि सोसणाऱ्या बाईवरचं झाडीचं प्रेमही कमी नाही. पण सोसणारी उठून उभी राहते तेव्हा जी शिट्टी पडते, तिचा अभ्यास कुणीतरी करायला हवा होता.

प्रदेशाच्या स्मृतीतही अशी बाई आहे. गोंड राजा बीरशहानं मुलीचा अपमान करणाऱ्या जावयाचं मुंडकं महाकालीला वाहिलं अशी चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची, आख्यायिका आहे. तोच बीरशहा पुढे मारेकऱ्याच्या हातून मेला. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याच्या राणीनं, हिराईनं, दत्तक मुलाच्या नावे राज्य सांभाळलं आणि नवऱ्याची समाधी बांधली. अचलेश्वर मंदिराजवळ ती आजही आहे. सूड, खून, प्रेम, सत्ता, सगळा ऐवज इथलाच. सिसिलीहून काही मागवायची गरज नव्हती.

एक अडचण मात्र आधीच सांगायला हवी. या भागातला माफिया कल्पनेतला नाही, तो दारूचा तस्कर आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती, आणि दोन्हीकडे तिच्यामागे बायांची चळवळ होती. चोरटी दारू पकडून फोडणारी गावातली बाई ही इथली ओळखीची 'ताकदवान नायिका'. तस्करावर प्रेम जडलेली नायिका तिच्यासमोर लिहायची तर लेखकाची कसोटी लागते. या ग्रंथातले काही लेख ही कसोटी टाळतात असं मला वाटतं, आणि संपादक म्हणून मी तसं त्यांच्या लेखकांना कळवलंही होतं.

नव्यानं या वाटेला येणाऱ्यांसाठी काम भरपूर आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडार या इथल्या लोकनाट्याच्या अभ्यासाचा पाया घालून ठेवला; पण दंडारीच्या परंपरेवर उभी राहिलेली ही आधुनिक गुन्हेगारी-प्रेमनाट्यं बहुतांशी छापलीच जात नाहीत. संहिता वहीत असते, नटागणिक बदलते, प्रॉम्प्टरच्या हातात फाटते. भाषेचं बघा: विनोदी पात्र झाडीबोलीत बोलतं, नायिका बहुतेक वेळा प्रमाण मराठीत. सत्ता हाती आली की बाईची बोली का बदलावी, यावर एक स्वतंत्र प्रबंध होईल. कंपनीच्या हिशेबात नायिकेला काय मिळतं आणि खलनायकाला काय, हाही अभ्यासाचा विषय आहे, आणि त्यासाठी ग्रंथालयात बसून चालणार नाही.

तेव्हा ग्रंथ वाचाच, पण दिवाळीनंतर वडशाला उतरा. भिंतीवरची पोस्टरं वाचा, कंपनीच्या ऑफिसात आज कुठल्या गावी प्रयोग आहे ते विचारा, चादर बरोबर ठेवा, थंडी मरणाची असते. खुर्चीचं तिकीट घेऊ नका. खाली बायांच्या जवळपास जागा मिळाली तर तिसऱ्या अंकापर्यंत झोपू नका, आणि नायिका पिस्तूल काढेल तेव्हा रंगमंचाकडे न बघता त्यांच्याकडे बघा.