आयडीई उपप्रणाली (लिनक्स)

लिनक्स कर्नलमध्ये हार्ड डिस्क आणि सीडी-ड्राइव्ह हाताळणारा जुना ड्रायव्हर-संच. रुंद, चपट्या केबलने जोडल्या जाणाऱ्या समांतर एटीए (पाटा) उपकरणांसाठी तो लिहिला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.१४ या आवृत्तीतून तो पूर्णपणे वगळण्यात आला.

एका केबलवर दोन उपकरणे, एक ‘मास्टर’ आणि दुसरे ‘स्लेव्ह’, अशी आयडीईची मांडणी होती. पहिल्या केबलवरच्या डिस्कना या प्रणालीत एचडीए व एचडीबी, तर दुसरीवरच्या उपकरणांना एचडीसी व एचडीडी अशी नावे मिळत. नावावरूनच डिस्क कोणत्या जागी जोडली आहे ते कळे.

सिरियल एटीए (साटा) डिस्क बाजारात आल्यावर जेफ गार्झिक यांनी २००३ पासून ‘लिबएटीए’ हा नवा संच उभा केला. कर्नलच्या स्कझी थरावर तो बेतलेला असल्याने त्यातील डिस्कची नावे एसडीए, एसडीबी अशी झाली. २००६ अखेरच्या २.६.१९ या आवृत्तीत ॲलन कॉक्स यांचे पाटा ड्रायव्हर त्यात आले आणि जुन्या संचाची गरज सरू लागली. पण स्थलांतर सोपे नव्हते. २००७ च्या फेडोरा ७ या लिनक्स वितरणाने लिबएटीए स्वीकारताच डिस्कची नावे बदलली, आणि सुरुवातीला कोणती विभाजने जोडायची हे सांगणाऱ्या ज्या एफएसटॅब फाइलींत एचडीए१ असे थेट लिहिले होते त्या निकामी ठरल्या. विभाजने नावाऐवजी लेबल वा यूयूआयडी या अनन्य ओळखक्रमांकाने ओळखण्याची सवय यातूनच रुजली. शिवाय जुन्या प्रणालीत एका डिस्कवर ६३ विभाजने चालत, नव्या नावांखाली सुरुवातीला १५ च. वापरकर्त्यांची ही तक्रार रास्तच होती.

पुढे डेव्हिड मिलर यांच्या देखरेखीखाली जुन्या संचात केवळ दोषदुरुस्ती होत राहिली. तरी तो आणखी दशकभर टिकला. मोटोरोला ६८००० मालिकेच्या प्रोसेसरवरील अमिगा, अटारी आणि जुन्या मॅकिंटॉशसारख्या यंत्रांपैकी काहींना लिबएटीएचे ड्रायव्हर उशिरा मिळाले. वापरणारे मोजके, पण कोणाचे चालते यंत्र बंद पाडायचे नाही हा कर्नलमधला संकेत कडक.

संच काढण्याचे काम क्रिस्टोफ हेलविग यांनी केले. सुमारे ४१ हजार ओळी गेल्या, मात्र आकार हे खरे कारण नव्हते. या संचासाठी डिस्कवरील वाचन-लेखन हाताळणाऱ्या कर्नलच्या ब्लॉक थरात जागोजागी सवलती ठेवाव्या लागत, आणि थराची साफसफाई त्यामुळे अडून राही. वापरात नसलेला कोड पडून राहिला तर काय बिघडते, हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

या निर्णयाने पाटा डिस्कचा आधार संपला, हा समज चुकीचा आहे. त्या लिबएटीएमार्फत चालतात. जुना संच ५.१३ पर्यंतच्या आवृत्त्यांत आढळतो; त्यात दीर्घकालीन देखभालीसाठी निवडलेली ५.१० ही येते.