डॉ. विक्रम पटेल : गोव्यातील बालविकास केंद्र ते अमरावतीची खेडी

स्वमग्नता (ऑटिझम) आणि बालमानसशास्त्र या विषयांतील संशोधनाचा वऱ्हाडशी संबंध काय, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. डॉ. विक्रम पटेल यांच्या संशोधनाची वाट पाहिली की हा संबंध उलगडतो. स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात जे करून पाहिले, त्यामागचाच विचार प्रौढांच्या नैराश्यासाठी अमरावती जिल्ह्यात अजमावला गेला.

पटेल यांचा जन्म १९६४ साली मुंबईत झाला. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले आणि लंडनमध्ये मानसोपचारशास्त्रात त्यांनी प्रावीण्य मिळवले. त्यांच्या विचारांना खरे वळण मिळाले ते मात्र १९९०च्या दशकात, झिम्बाब्वेत. त्या देशाच्या सुमारे एक कोटी लोकसंख्येला तेव्हा जेमतेम डझनभर मनोविकारतज्ज्ञ होते आणि त्यांतील बहुतेक राजधानी हरारेत. नैराश्य ही पाश्चात्त्यांची कल्पना असावी, अशी पटेल यांची आरंभीची समजूत होती. तेथील रुग्णांनी ती खोटी ठरवली. शोना भाषेत या दुःखाला नाव होते, ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे. आपल्याकडे ‘विचारांनी पोखरले’ म्हणतात, त्याच्याच जवळचे.

१९९६ मध्ये पटेल यांनी सहकाऱ्यांसह गोव्यात ‘संगथ’ ही संस्था स्थापन केली. आज ती सर्व वयोगटांच्या मानसिक आरोग्यासाठी ओळखली जाते. पण तिचा आरंभ बालविकास आणि कुटुंब-मार्गदर्शनाचे केंद्र म्हणून झाला होता. या काळातील एका अभ्यासात गोव्यातील २७० माता सहभागी होत्या. त्यांपैकी सुमारे २३ टक्के मातांमध्ये बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळले. घरची गरिबी, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी यांच्याशी त्याचा संबंध होता. बालकाच्या विकासाचा विचार आईच्या मनःस्थितीपासून सुरू करावा लागतो, हे या अभ्यासाने आकड्यांत दाखवून दिले.

स्वमग्नतेच्या बाबतीत तर पालक हेच उपचाराचे केंद्र ठरले. डॉ. गौरी दिवाण, पाकिस्तानचे डॉ. आतिफ रहमान आणि ब्रिटनचे डॉ. जोनाथन ग्रीन हे या कामातील प्रमुख सहकारी. ब्रिटनमध्ये वाचोपचारतज्ज्ञांमार्फत दिली जाणारी एक पद्धत त्यांनी दक्षिण आशियासाठी बेतून घेतली. ती वरवर साधी आहे. आई किंवा वडील मुलाशी खेळत असताना थोडे चित्रण करायचे आणि मग कार्यकर्ती व पालक यांनी ते एकत्र बसून पाहायचे. मूल बोलत नसले तरी त्याची नजर कुठे वळली, हात कशाकडे गेला, हे पडद्यावर दिसते. त्या क्षणी मुलाला आज्ञा न देता त्याच्या कलाने प्रतिसाद कसा द्यावा, हे पालक स्वतःच्याच चित्रणातून शिकतात. सहा महिन्यांत अशा १२ बैठका. मार्गदर्शक तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते.

गोवा आणि रावळपिंडी येथील ६५ मुलांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाले. पालकांचा प्रतिसाद लक्षणीय सुधारला, मुले स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. मात्र पालक व मूल यांचे एकाच गोष्टीवर एकत्र लक्ष असण्याचा काळ घटला, आणि संशोधकांनी हेही दडवले नाही. चाचणी लहान होती हे खरेच. तिला रामबाण समजणे चूक ठरेल.

विशेषज्ञांची मक्तेदारी मोडणाऱ्या या विचाराला पटेल यांनी ‘सुंदर’ असे नाव दिले. इंग्रजी आद्याक्षरांतून जुळवलेला हा शब्द आहे. संदेश सोपा करा, उपचाराचे सुटे भाग करा, तो लोकांच्या दारी न्या, परवडणारे मनुष्यबळ वापरा आणि तज्ज्ञांना शिकवण्या-तपासण्याचे काम द्या, असा त्याचा आशय.

याच मार्गाने ‘विश्राम’ हा कार्यक्रम शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात आला. डॉ. राहुल शिधये यांच्या नेतृत्वाखाली पटेल आणि सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत त्याची परिणामकारकता तपासली. गावातील आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्या मदतीला समुपदेशक आणि गंभीर रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. नैराश्यग्रस्तांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झालेल्या पटेल यांना २०१९ मध्ये कॅनडाचा जॉन डर्क्स गेर्डनर पुरस्कार मिळाला.

‘विश्राम’ प्रौढांच्या नैराश्यासाठी होता, मुलांसाठी नव्हे. गोव्यातील चित्रणाची पद्धत काही त्यासोबत वऱ्हाडात आली नाही. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून स्वमग्नतेची तपासणी अपेक्षित आहे आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला २१ प्रकारांत स्थान दिले आहे. निदान आणि प्रमाणपत्र यांची तरतूद अशी कागदावर झाली. त्यानंतर दर्यापूर किंवा अकोटच्या आईने मुलाशी रोज काय व कसे खेळावे, हे तिच्या घरी येऊन कोणी सांगायचे, याची तितकी स्पष्ट तरतूद कुठे दिसत नाही.