जरा, व्याधी आणि वैयावृत्त्य : जैन परंपरेचा एक मागोवा

॥ श्री वीतरागाय नमः ॥

आपल्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना मन सहजच पन्नास वर्षे मागे जाते. ज्या तरुणांनी तेव्हा पंचविशी-तिशीच्या उमेदीत घरोघर फिरून देणग्या गोळा केल्या, पंगतीत वाढप केले, रथोत्सवात रथाचे दोर ओढले, त्यांपैकी जे आज आपल्यात आहेत ते पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. कोणाचे गुडघे मंदिराच्या पायऱ्या चढू देत नाहीत, कोणाला मोतीबिंदूमुळे पोथीची अक्षरे दिसत नाहीत, तर कोणाला मधुमेहामुळे दशलक्षण पर्वातील उपवास सोडावा लागतो आणि त्याची खंत वाटते. अशा वेळी वार्धक्य आणि व्याधी यांकडे आपल्या पूर्वाचार्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा इतिहास समाजापुढे ठेवणे उचित ठरेल. या इतिहासात केवळ वैराग्याचा उपदेश नसून सेवेची आणि विवेकाची एक सुस्पष्ट व्यवस्थाही आहे.

सेवा हेही तपच

देह नश्वर आहे, हे जैन दर्शनाने नित्य सांगितले. तरीही रुग्ण आणि वृद्ध देहाची उपेक्षा करावी, असे मात्र कोठेही सांगितलेले नाही. तत्त्वार्थसूत्रात तपाचे बारा भेद आहेत. त्यांपैकी सहा बाह्य आणि सहा अभ्यंतर. उपवास हे बाह्य तप होय, तर वैयावृत्त्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, हे अभ्यंतर तप होय. ज्यांचे वैयावृत्त्य करावयाचे त्या दहा प्रकारच्या साधूंच्या गणनेत आचार्य, उपाध्याय, तपस्वी यांच्याबरोबरच 'ग्लान' म्हणजे रोगाने क्षीण झालेला साधू याचा स्वतंत्र उल्लेख आहे. रोगी साधू संघावरचा भार मानला गेला नाही. तो इतरांच्या तपाचे निमित्त मानला गेला.

तीर्थंकर प्रकृतीचा बंध करणाऱ्या सोळा भावनांतही वैयावृत्त्याला स्थान आहे. त्याच सोळा भावनांत त्याग आणि तप यांना 'शक्तितः' असे विशेषण जोडलेले आहे. तप करावे, पण आपल्या शक्तीप्रमाणे. शक्ती लपवू नये आणि शक्तीबाहेरही जाऊ नये. उपवास घडला नाही म्हणून खंतावणाऱ्या आपल्या वृद्ध माता-पित्यांना हा एक शब्द कोणी समजावून सांगितला, तर त्यांच्या मनावरचे मोठे ओझे उतरेल.

आचार्य समन्तभद्रांची कथा

वार्धक्य आणि व्याधी यांच्या संदर्भात ज्यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते, ते आचार्य समन्तभद्र होत. कथाकोशांतून आलेली त्यांची कथा प्रसिद्ध आहे. मुनिअवस्थेत त्यांना भस्मक व्याधी जडली. कितीही खाल्ले तरी ते जठराग्नीत भस्म व्हावे, अशी ही व्याधी. एकवेळच्या मुनिआहाराने ती शमणे शक्य नव्हते. मुनिचर्या मलिन होऊ नये म्हणून त्यांनी गुरूंपाशी समाधिमरणाची अनुज्ञा मागितली. गुरूंनी ती दिली नाही. या शिष्याच्या हातून धर्माची मोठी प्रभावना व्हावयाची आहे आणि व्याधी बरी होण्याजोगी आहे, हे जाणून त्यांनी मुनिवेष तात्पुरता सोडून रोगाचा उपचार करण्याची आज्ञा केली. समन्तभद्रांनी ती शिरोधार्य मानली. पुष्टिकर आहाराने व्याधी शमली, आणि त्यांनी पुन्हा मुनिदीक्षा घेतली. स्वयंभूस्तोत्राची रचनाही परंपरा याच प्रसंगाशी जोडते.

या कथेचे मर्म समन्तभद्रांच्याच रत्नकरण्ड श्रावकाचारात उमटलेले दिसते. उपसर्ग, दुष्काळ, जरा किंवा रोग यांपैकी एखादे संकट ओढवले आणि ते 'निष्प्रतीकार' असले, म्हणजेच त्यावर कोणताही उपाय उरला नाही, तरच धर्मरक्षणार्थ देहत्यागाला ते सल्लेखना म्हणतात. उपाय असेतोवर उपाय करावा, हा त्यातील गर्भितार्थ आहे. ज्यांना स्वतः गुरूंनी अकाली समाधी नाकारली, असे परंपरा सांगते, त्याच आचार्यांनी सल्लेखनेच्या व्याख्येत ही मर्यादा घालावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच ग्रंथात, सल्लेखनेच्या अध्यायापूर्वी, श्रावकाच्या चौथ्या शिक्षाव्रताला समन्तभद्रांनी 'वैयावृत्त्य' हेच नाव दिले आहे. संयमी जनांचे कष्ट दूर करणे आणि त्यांचे पाय चेपणे यांचाही त्यात समावेश आहे. दानाचे जे चार प्रकार ते सांगतात ते असे : आहार, औषध, उपकरण आणि आवास. औषधदानासाठी त्यांनी वृषभसेनेचे उदाहरण दिले आहे. हे सारे मुळात व्रती-संयमींसाठी सांगितलेले असले, तरी घरातील वृद्धांसाठी यापेक्षा निराळी अशी कोणती यादी करता येईल? वेळेवर मऊ आहार, नियमित औषध, काठी आणि चष्म्यासारखी उपकरणे, आणि मानाने राहता येईल असा आवास. ग्रंथाचा क्रमही बोलका आहे. सेवेचे व्रत आधी येते आणि सल्लेखना नंतर.

उग्रादित्यांचा 'कल्याणकारक'

जैन परंपरा आयुर्वेदाचे मूळ चौदा पूर्वांपैकी 'प्राणावाय' या बाराव्या पूर्वात मानते. या परंपरेतील उपलब्ध ग्रंथांत उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक' हा महत्त्वाचा होय. नवव्या शतकातील या संस्कृत ग्रंथात मद्य, मांस आणि मध यांचा वापर टाळून चिकित्सा सांगितली आहे. राष्ट्रकूट नृपतुंग अमोघवर्षाच्या सभेत औषध म्हणूनही मांसाची आवश्यकता नाही, असे आचार्यांनी प्रतिपादन केल्याचे ग्रंथाच्या अखेरच्या भागात आले आहे. रोग बरा करावा, पण त्यासाठी अन्य जीवाचा बळी घेऊ नये, हा या वैद्यकाचा पाया.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी की, हा ग्रंथ १९४० साली सोलापूरहून, पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या संपादनाखाली, हिंदी अनुवादासह सखाराम नेमचंद ग्रंथमालेत प्रकाशित झाला. शास्त्र आणि औषध या दोन्ही दानांची जोड त्या काळच्या श्रावकांनी कशी घातली, याचे हे उदाहरण होय.

अपुरे राहिलेले कार्य

अमोघवर्षाचाच काळ आणखी एका गोष्टीसाठी स्मरणीय आहे. आचार्य वीरसेनांनी धवला टीका पूर्ण केली आणि जयधवला हाती घेतली. परंतु सुमारे वीस हजार श्लोकप्रमाण रचना झाल्यावर त्यांचे आयुष्य संपले. शिष्य जिनसेनांनी आणखी चाळीस हजार श्लोकप्रमाण भर घालून इ. स. ८३७ मध्ये ती टीका सिद्धीस नेली. पुढे त्याच जिनसेनांनी महापुराण आरंभिले. तेही त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी ते पूर्ण केले. तीन पिढ्यांत दोनदा गुरूचे कार्य शिष्याने उचलले. स्वतः अमोघवर्षाने उतारवयात विवेकाने राज्यत्याग केल्याचे 'प्रश्नोत्तररत्नमालिका' या त्याच्या नावे असलेल्या ग्रंथात म्हटले आहे. वार्धक्यात शक्ती जाते. पण ज्याने शिष्य घडवला त्याचे कार्य थांबत नाही.

कुंथलगिरीचे छत्तीस दिवस

विसाव्या शतकात या साऱ्या विचाराचे मूर्तिमंत दर्शन आपल्या प्रदेशाने घेतले ते चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांच्या रूपाने. दूधगंगा-वेदगंगेच्या परिसरातील भोज गावच्या पाटील घराण्यात १८७२ साली जन्मलेले सातगौडा १९२० साली यरनाळ येथे निर्ग्रंथ मुनी झाले. १९२४ साली समडोळी येथे त्यांना आचार्यपद मिळाले. दक्षिणेतून उत्तरेपर्यंत पायी विहार करून त्यांनी दिगंबर मुनिपरंपरेला नवे चैतन्य दिले. धवलादी सिद्धान्तग्रंथ कायम टिकावेत म्हणून ते ताम्रपटांवर कोरण्याचे कार्यही त्यांच्याच प्रेरणेने झाले. वीरसेन-जिनसेनांचा वारसा असा अकराशे वर्षांनंतर पुन्हा एकदा पुढच्या पिढ्यांच्या हाती सोपवला गेला.

वयाच्या ऐंशीनंतर महाराजांची दृष्टी मंदावत गेली. सामान्य माणसाला दृष्टिमांद्य म्हणजे गैरसोय. मुनींच्या बाबतीत मात्र तो व्रताचाच प्रश्न असतो. ईर्यासमितीत चार हात पुढची भूमी पाहून चालावयाचे, एषणासमितीत आहार शोधून घ्यावयाचा, आदान-निक्षेपण समितीत पिंछी-कमंडलूही पाहूनच उचलावयाचे व ठेवावयाचे. दिसेनासे झाले की पायाखाली सूक्ष्म जीवांची हिंसा अटळ होते. अठ्ठावीस मूलगुणांत उभ्याने आहार घेणे हाही एक मूलगुण आहे, म्हणून पायांचे बळ आणि डोळ्यांची ज्योती यांवर मुनिधर्माचा निर्वाह अवलंबून असतो. महाराजांच्या दृष्टीने ही अवस्था निष्प्रतीकार झाली होती.

देशभूषण-कुलभूषण मुनींच्या निर्वाणाने पावन झालेल्या कुंथलगिरी या सिद्धक्षेत्रावर १४ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांनी सल्लेखना धारण केली. उस्मानाबाद जिल्हा (आजचा धाराशिव) तेव्हा हैदराबाद राज्यात होता. मधल्या काळात काही वेळा केवळ जल घेऊन त्यांनी आहाराचा त्याग केला. आचार्यपदाचा भार त्यांनी शिष्य वीरसागर महाराजांकडे सोपवला. सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबर रोजी, त्यांनी मराठीतून अखेरचा उपदेश केला. तो ध्वनिमुद्रित झाल्यामुळे आजही ऐकता येतो. सम्यक्त्व आणि संयम धारण करण्यास भिऊ नये, हे त्याचे सार. १८ सप्टेंबर १९५५, भाद्रपद शुद्ध द्वितीया, या दिवशी छत्तिसाव्या दिवशी त्यांनी देह ठेवला.

समन्तभद्रांना समाधी नाकारणारे गुरू आणि शांतिसागर महाराजांचा निर्णय यांत विरोध नाही. तेथे उपाय होता म्हणून उपचार केला, येथे उपाय उरला नाही म्हणून समता स्वीकारली. दोहोंचा निकष एकच.

आजच्या श्रावकांसाठी

राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी सल्लेखना-संथारा बेकायदेशीर ठरवला आणि ३१ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या काळात देशभर आपल्या समाजाने मौन मोर्चे काढले. ते योग्यच झाले. परंतु त्या निमित्ताने स्वतःला एक प्रश्न विचारणेही अगत्याचे आहे. सल्लेखनेच्या हक्कासाठी जेवढ्या संख्येने आपण रस्त्यावर उतरलो, तेवढ्या संख्येने वैयावृत्त्याच्या व्रतासाठी वृद्धांच्या उशाशी बसतो का? सेवेविना उच्चारलेले वैराग्य उपेक्षेचे दुसरे नाव ठरण्याचा धोका असतो. 'वय झाले, आता दुखायचेच' किंवा 'कर्माचा उदय आहे' असे म्हणून वृद्धांचे दुखणे उडवून लावणे कर्मसिद्धान्ताला धरून नाही. असाता वेदनीय कर्माचा उदय ज्याचा त्याने समतेने सोसावयाचा. भोवतालच्यांनी ते कष्ट हलके करावयाचे, ही दोघांची वेगवेगळी कर्तव्ये आहेत. पहिले कर्तव्य वृद्धांना सांगून दुसरे आपण टाळू नये.

वृद्धांनीही काही गोष्टी मनावर घ्याव्यात. ऊनोदर, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी जेवणे, आणि रसपरित्याग ही तपे उतारवयात उपवासापेक्षा सहज साधतात. इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाचा नियम घेण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. ते 'शक्तितः' या विशेषणाला धरूनच होईल. सम्मेदशिखरजीची सत्तावीस किलोमीटरांची वंदना पायी घडली नाही तर डोलीत बसण्यात कमीपणा नाही. जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्चीवर बसून केलेल्या सामायिकातही समता तीच असते.

संस्थेच्या पुढील वाटचालीत समन्तभद्रांची ती चार दाने डोळ्यांपुढे ठेवावीत, एवढीच विश्वस्तांना नम्र विनंती. मंदिराच्या पायऱ्यांना कठडा, मोठ्या अक्षरांतील स्वाध्यायाची पुस्तके, अंथरुणाला खिळलेल्या साधर्मीकडे पाळीपाळीने जाऊन णमोकार मंत्र व स्तोत्रपाठ ऐकवणारा युवकांचा गट, या गोष्टींना फारसा खर्च लागत नाही. त्यासाठी लागतो तो वेळ. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी आपला वेळ संस्थेला दिला, त्यांना तो परत करण्याची ही संधी आहे. जिनसेनांनी वीरसेनांचे अपुरे कार्य उचलले, तसे आपणही उचलू या.

॥ जैनं जयतु शासनम् ॥