गृहीत धरलेली मते : लखनौ आणि मलबार



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत निवडणुकीचा विषय कशासाठी, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. कोणाला मत द्यावे हे सांगण्याचा या लेखाचा हेतू नाही. ज्या पक्षाने पुनःपुन्हा निराशा केली त्याच पक्षाच्या पेटीत लोक पुनःपुन्हा मते का टाकतात, आणि त्याला सोडायचे ठरविले तर जातात कोठे, या प्रश्नाचा थोडा इतिहास पाहावयाचा आहे. भारतातील मुस्लिम समाजाने स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी सोडवून पाहिला. एक ठिकाण उत्तर प्रदेश आणि दुसरे केरळातील मलबार. शाळा-कॉलेजांचा संबंध त्यात कसा येतो हे पुढे आपल्या ध्यानात येईलच.

प्रारंभ १९४६ पासून करावा लागतो. त्या वर्षीच्या प्रांतिक निवडणुकांत मुस्लिम राखीव जागांपैकी बहुतेक जागा मुस्लिम लीगने जिंकल्या. पुढे फाळणी झाली आणि मागे राहिलेल्या साऱ्या समाजाकडे लोक संशयाने पाहू लागले. वस्तुतः त्या वेळी मताचा अधिकार मालमत्ता, कर किंवा शिक्षण असलेल्यांपुरता मर्यादित होता. मोलमजुरी करणाऱ्या, विणकाम करणाऱ्या, कुळाने शेती कसणाऱ्या बहुसंख्य मुसलमानांनी ते मत दिलेलेच नव्हते. पण हिशेब मात्र त्यांच्याच नावावर मांडला गेला. डिसेंबर १९४७ मध्ये लखनौ येथील परिषदेत मौलाना अबुल कलाम आझाद यांनी मुसलमानांनी वेगळे राजकीय पक्ष न ठेवता काँग्रेसमध्ये यावे असा सल्ला दिला. उत्तरेतील समाजाने तो मानला. त्यात निष्ठा होती आणि भीतीही होती. दोन्हींची सरमिसळ इतकी झाली होती की मत देणाऱ्यालाही कोणती किती हे सांगता आले नसते.

मग काय मिळाले? १९५१ साली उत्तर प्रदेशात हिंदी ही एकमेव राजभाषा ठरली. १९५४ साली डॉ. झाकिर हुसेन यांनी उर्दूसाठी वीस लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज राष्ट्रपतींच्या हाती दिला. कागदाचा एवढा मोठा गठ्ठा क्वचितच कोणी दिल्लीत नेला असेल. त्याचे फलित शून्य. पुढे १९६७ साली डॉ. झाकिर हुसेन स्वतःच राष्ट्रपती झाले, पण उत्तर प्रदेशात उर्दूचा प्रश्न होता तेथेच राहिला. १९६१ साली जबलपूरला आणि १९६४ साली कलकत्ता, जमशेदपूर व राउरकेला येथे दंगली झाल्या. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा.

१९६४ च्या ऑगस्टमध्ये लखनौच्या नदवतुल उलमात निरनिराळ्या संघटनांचे नेते जमले आणि मुस्लिम मजलिस-ए-मुशावरत स्थापन झाली. तिचे अध्यक्ष डॉ. सय्यद महमूद हे जन्मभर काँग्रेसमध्ये वाढलेले आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात राहिलेले गृहस्थ होते. अशा माणसाने हे पद घ्यावे यावरूनच निराशेची खोली कळते. लखनौचे क्षयरोगतज्ज्ञ डॉ. अब्दुल जलील फरीदी हे त्यांतील सर्वांत तडफदार. १९६७ च्या निवडणुकीसाठी मुशावरतने नऊ कलमांचा जाहीरनामा काढला. उर्दूला स्थान, पाठ्यपुस्तकांची दुरुस्ती अशा मागण्या त्यात होत्या. जो उमेदवार त्या मान्य करील त्याला, पक्ष न पाहता, पाठिंबा द्यावयाचा, अशी ही कल्पना होती.

निकाल लागला आणि उत्तर प्रदेशात ४२५ पैकी १९९ जागा मिळून काँग्रेसचे बहुमत गेले. याचे सारे श्रेय मुशावरतला देणे चूक ठरेल. महागाई, दुष्काळ आणि पक्षातील भांडणे यांचाही हात होता. पण वीस वर्षे गृहीत धरलेले मत हलू शकते हे प्रथमच दिसले.

पुढे जे झाले ते वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. एप्रिल १९६७ मध्ये चरणसिंग यांच्या नेतृत्वाखाली जे संयुक्त सरकार आले, त्यात ९८ आमदारांचा जनसंघ हा मोठा भागीदार होता. ज्यांना मुशावरतने निवडून यावयास मदत केली होती त्यांतील काहीजण त्याच सरकारच्या बाकांवर बसले. बिहारमध्येही संयुक्त सरकार आले. तेथे उर्दूला दुसरी राजभाषा करण्याची चर्चा निघाली आणि ऑगस्टमध्ये रांचीला भीषण दंगल झाली. सरकार बदलले होते, भय मात्र जागच्या जागी होते. चरणसिंग यांचे सरकार वर्षाच्या आत कोसळले. १९६८ साली डॉ. फरीदींनी मुस्लिम मजलिस हा वेगळा पक्षच काढला. १९६९ च्या मध्यावधी निवडणुकीत काँग्रेस २११ जागांवर परत आली. १९७४ साली डॉ. फरीदी वारले, तोवर त्यांच्या पक्षाला राज्यात पाय रोवता आला नव्हता.

ही माणसे कमी कर्तबगार होती असे नाही. अडचण मतमोजणीच्या रीतीत होती. आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वांत अधिक मते तो निवडून येतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. विद्यार्थ्यांनी केरळातील १९६७ चा हिशेब मांडून पाहावा. तेथे काँग्रेसला सुमारे ३५ टक्के मते मिळाली आणि १३३ पैकी जागा मिळाल्या फक्त ९. उत्तर प्रदेशात १९७१ च्या शिरगणतीप्रमाणे मुसलमान सुमारे पंधरा टक्के, पण गावोगाव विखुरलेले. अशी विखुरलेली मते दुसऱ्याला पाडू शकतात, स्वतःचा माणूस निवडून आणू शकत नाहीत. आणि ज्याला पाडले त्याच्या जागी कोण येईल हे ठरविणे त्यांच्या हाती नसते.

आता दक्षिणेकडे वळू. मार्च १९४८ मध्ये मद्रासला महंमद इस्माईल साहेबांनी मुस्लिम लीग बरखास्त करण्याऐवजी भारतीय संघराज्यापुरती नव्याने उभी केली. त्या काळात हे नाव घेणेही धाडसाचे होते. पक्ष खऱ्या अर्थाने टिकला तो मलबारात. कारण तेथे, विशेषतः दक्षिण मलबारात, मोपला समाज दाट वस्तीने राहतो. १९५२ च्या लोकसभेत बी. पोकर साहेब मलप्पुरमहून निवडून गेले. इस्माईल साहेब स्वतः तमिळ, पण मंजेरीने त्यांना १९६२ पासून तीनदा लोकसभेवर पाठविले.

मलबारच्या वाट्यालाही निराशा आली. १९६० साली कम्युनिस्टांविरुद्ध काँग्रेस, प्रजासमाजवादी आणि लीग एकत्र लढले. लीगला ११ जागा मिळाल्या. पण विजयानंतर काँग्रेसने लीगला मंत्रिमंडळात घेण्यास नकार दिला. विधानसभेचे अध्यक्षपद तेवढे के. एम. सीती साहेबांना दिले. १९६१ साली ते वारल्यावर तरुण सी. एच. महंमद कोया यांची पाळी आली, तेव्हा त्यांना त्या खुर्चीसाठी पक्षाचे सदस्यत्व सोडावे लागले. मते चालतात, मते देणारा पंक्तीला चालत नाही, असा हा मामला. लीगने त्याच वर्षी युती सोडली.

उत्तर प्रदेशाहून फरक येथे पडतो. १९६७ साली लीग चक्क मार्क्सवाद्यांसमवेत गेली. १४ जागा जिंकल्या आणि ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या सरकारात दोन मंत्री आले. धर्म न मानणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसावे काय, असा वाद तेव्हा झाला असणारच. पण कोया यांनी खाते मागून घेतले ते शिक्षणाचे. १९६८ साली कालिकत विद्यापीठ निघाले. १९६९ साली, जनसंघाचा विरोध असताना, मलप्पुरम जिल्हा झाला. लीग काही वर्षांतच काँग्रेसकडे परतली, पण आता सन्मानाने. १९७९ च्या अखेरीस कोया सुमारे दोन महिने केरळचे मुख्यमंत्रीही होते.

आपल्या महाराष्ट्राशी या कथेचा एक धागा जुळतो. मुंबईचे गुलाम महमूद बनातवाला हे लीगतर्फे १९६७ ते १९७७ महाराष्ट्र विधानसभेत होते. लोकसभेत जाण्यासाठी मात्र त्यांना मलबारातील पोन्नानी गाठावे लागले. विखुरलेल्या मतांचे गणित मुंबईबाहेर येथेही तेच होते.

उत्तरेत पुढे दोलकासारखे झाले. तुर्कमान गेट आणि सक्तीची नसबंदी यांचा राग १९७७ मध्ये असा निघाला की उत्तर प्रदेशातील ८५ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. जनता पक्षाच्या काळात १९७८ साली अलीगढ आणि १९७९ साली जमशेदपूर पेटले, पक्ष भांडणात फुटला, आणि १९८० मध्ये त्याच काँग्रेसला ५१ जागा मिळाल्या. त्याच वर्षी १३ ऑगस्टला, ईदच्या दिवशी, मुरादाबादच्या ईदगाहवर गोळीबार झाला. तेव्हा लखनौ आणि दिल्ली दोन्हीकडे काँग्रेसचेच राज्य होते. उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा उत्तर प्रदेशात मिळाला तो १९८९ साली, काँग्रेसची सत्ता जाण्याच्या बेतात असताना. मते निसटू लागल्यावर अर्ज सापडला, असेच म्हणावे लागेल. त्यानंतर मुसलमानांची मते मुख्यतः जनता दल व समाजवादी पक्ष यांच्याकडे वळली आणि तीही हळूहळू गृहीत धरली जाऊ लागली.

मलबारचे चित्र अगदी निर्मळ होते असे मानू नये. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडली, तरी लीग राज्यात काँग्रेससोबतच राहिली. ते न पटून इब्राहिम सुलेमान सेठ बाहेर पडले आणि १९९४ साली त्यांनी इंडियन नॅशनल लीग काढली. म्हणजे निराश मतदार आणि त्याचा पक्ष हा प्रश्न तिसऱ्या पक्षाच्या घरातही शिरला. सेठ चूक की लीग चूक, यावर त्या भागात आजही दोन मते ऐकू येतील.

शेवटी १९६४ या वर्षाकडे पुन्हा यावेसे वाटते. त्या वर्षी लखनौचे एक डॉक्टर मुशावरतच्या कामाला लागले. त्याच वर्षी कोझिकोडमध्ये दुसरे एक डॉक्टर, पी. के. अब्दुल गफूर, यांनी मुस्लिम एज्युकेशनल सोसायटी काढली, जिच्या शाळा आणि कॉलेजे आज केरळभर आहेत. उत्तरेत अलीगढ होते, नदवा होती, देवबंद होते. संस्थांची वाण नव्हती, पण त्यांच्या मागण्या सरकारात बसून पुढे रेटणारे हक्काचे पंधरा-वीस मतदारसंघ नव्हते. मलबारात दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमून आल्या. १९४८ साली स्थापन झालेले फारूख कॉलेज आधी मद्रास आणि मग केरळ विद्यापीठाला जोडलेले होते. १९६८ साली ते कालिकत विद्यापीठात आले, आणि मोपल्यांच्या मुलामुलींचे विद्यापीठ त्यांच्या घराजवळ, आजच्या मलप्पुरम जिल्ह्यात, तेञ्ञिपलम येथे उभे राहिले.