नऊ इंचांचे वळण

आगगाडीच्या हुबेहूब प्रतिकृती उभारणाऱ्यांत एक जुना वाद आहे. टेबलाच्या कोपऱ्यात नऊ इंच त्रिज्येच्या वळणावर गाडी फिरवली, की ती प्रतिकृती उरत नाही, खेळणे होते, असे काटेकोर मंडळी म्हणतात. मी स्वतः दोन हात लांबीच्या फळीवर नॅरोगेज मांडतो. म्हणूनच या आरोपाचा निकाल आवडीनिवडीवर न लावता इतिहासावर आणि हिशेबावर लावावा, असे मला वाटते.

आधी खरी रेल्वे पाहू. गाडीची समोरासमोरची दोन चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे दोघांचे फेरे सारखेच होतात. वळणावर मात्र बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. अर्धे वर्तुळ पुरे होईतो हा फरक गेजच्या ३.१४ पट भरतो. १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला तो सव्वापाच मीटर पडतो, तर माथेरानच्या ६१० मिलिमीटरच्या गाडीला दोन मीटरहून कमी. चाकाचा रुळावर टेकणारा भाग किंचित शंकूसारखा उतरता असल्याने काही फरक भरून निघतो. उरलेल्याची वसुली घसरण, झीज आणि कर्कश किंकाळी या रूपांत होते. गेज जितके अरुंद तितके वळण सोसण्याचे बळ अधिक, ते यामुळे.

हे बळ पहिल्यांदा कामी आले ते गरजेपोटी. वेल्समधील फेस्टिनिओग रेल्वे १८३६ मध्ये सुरू झाली. डोंगरातली पाटीदगडाची खाण आणि बंदर यांना जोडायचे होते. रुंद मार्गासाठी खडक फोडण्यापेक्षा खडकाला वळसा घालणे स्वस्त होते, म्हणून गेज जेमतेम दोन फूट ठेवले. पुढे वळणे कायम ठेवून मोठे इंजिन कसे चालवायचे, हा प्रश्न आला. रॉबर्ट फेअर्लीने चाकांचे दोन स्वतंत्र, वळू शकणारे गाडे असलेले इंजिन काढले. १८७० मधील ‘लिटल वंडर’च्या चाचण्या पाहायला परदेशी पाहुणे आले आणि अरुंद रुळांची कल्पना जगभर गेली.

दार्जिलिंगला १८८१ मध्ये दोन फुटी गाडी पोहोचली. तिथल्या ‘अ‍ॅगनी पॉइंट’ या वळणाची त्रिज्या साठ फुटांच्या आसपास आहे. आपल्याकडे सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या पुढाकाराने १९०४ ते १९०७ या काळात नेरळ–माथेरान मार्ग झाला. चढ वीस फुटांना एक फूट, आणि वळणे पावलोपावली. इथे ओरेनस्टाइन आणि कोपेल यांची सहा चाकी इंजिने आली. त्यांच्या पुढच्या व मागच्या चाकांना पोकळ आस होता. आतला आस चौकटीत जागेवर राही आणि बाहेरचा पोकळ आस चाकांसह वळणाप्रमाणे तिरपा होई.

आता टेबलाकडे वळू. एका फुटाला चार मिलिमीटर, या ब्रिटिश प्रमाणात साठ फुटांचे वळण २४० मिलिमीटर भरते, म्हणजे साडेनऊ इंच! ज्याला खेळणे म्हणून हिणवले, ते नऊ इंचांचे वळण दार्जिलिंगच्या जवळपास येते. उलट भारतीय ब्रॉडगेजचे नियमांत बसणारे सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे. ते त्याच प्रमाणात उतरवायचे तर २.३ मीटर त्रिज्या लागेल, आणि पूर्ण फेरीला साडेचार मीटरहून रुंद खोली. घरोघरच्या मेनलाइन मांडणीत मात्र ४३८ मिलिमीटरचे वळण सर्रास चालते. मग अधिक खोटे कोण?

नॅरोगेजवाल्याने मात्र एक पथ्य पाळायला हवे. खऱ्या डोंगरी गाड्या हळू चालत आणि डबे आखूड असत. डब्याच्या दोन बोगींतील अंतराचा वर्ग करून त्याला त्रिज्येच्या आठ पटींनी भागले, की डब्याचा मध्य वळणाच्या आत किती सरकतो ते कळते. शंभर मिलिमीटर अंतराचा डबा नऊ इंची वळणावर साडेपाच मिलिमीटर आत येतो, म्हणजे प्रत्यक्षात सव्वा फुटाहून जास्त. लांब डबा जोडला, तर काटेकोर मंडळींचा आक्षेप खरा ठरतो.

या छंदाचा इतिहासही काटकसरीचाच आहे. एडिंबरोच्या पी. डी. हॅनकॉक यांनी १९४९ पासून उभारलेली ‘क्रेग अँड मर्टनफोर्ड’ ही काल्पनिक रेल्वे नॅरोगेजवाल्यांचा आदर्श ठरली. १९६० च्या दशकात नऊ मिलिमीटर रुळांच्या छोट्या गाड्या बाजारात आल्या. त्यांचे रूळ आणि यंत्रे मोठ्या प्रमाणातल्या नॅरोगेजला आयती मिळाली. म्युनिकच्या ‘एगर-बान’ने तर अशा गाड्याच विकायला काढल्या.

हा वाद मला केवळ छंदाचा वाटत नाही. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग आता ब्रॉडगेज आहे. मूर्तिजापूर–यवतमाळची ‘शकुंतला’ थांबली आहे. अशा मार्गांची गेज आणि सालावळी कागदावर टिकतात. पण गाडी कुठे, किती वळली, हे रूळ उखडले की जमिनीवरून पुसले जाते. ते वळणच त्या रेल्वेचे अर्थशास्त्र होते: किती पैसा होता, कोणते शेत वाचवले, कोणता खडक टाळला. म्हणून आपल्या गावच्या गाडीची प्रतिकृती करणाऱ्याने इंजिनाच्या रंगाआधी वळण मोजावे. मापे खरी असतील, तर फळीवरचे ते रूळ एका बुजलेल्या मार्गाचा नकाशा ठरतील.